तांब्याला हात लावण्याआधी

मनू, तुझा बेत ऐकला आणि मनापासून आनंद झाला. कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाण्यानं थंड करायचा, आणि त्याच्यावर बसणारा वॉटर ब्लॉक बाजारातून न आणता आपल्या हातानं करायचा, असं तू मनावर घेतलंयस. घरात सगळे विचारतील, ‘विकत मिळतो ना, मग हा खटाटोप कशाला?’ त्यांना भलतं कारण देऊ नकोस. स्वस्त पडेल असं सांगू नकोस, कारण तांबं, फिटिंग, पंप, रेडिएटर असा सगळा हिशेब धरलास तर बहुधा तो स्वस्त पडणार नाही. विकतच्यापेक्षा जास्त थंड ठेवेल असंही सांगू नकोस, कारण कारखान्यात मिलिमीटरच्या काही दशांशांच्या पात्या कापणारी यंत्रं असतात आणि आपल्याकडे ती नाहीत. जे खरं आहे तेच सांग. चिपमध्ये तयार झालेली उष्णता खोलीच्या हवेपर्यंत कशी पोचते, हे एकदा स्वतःच्या हातानं घडवून पाहिलंस, की पुढे कुठलंही यंत्र तापलं तरी आधी कुठे बघायचं ते तुला कळेल. इंजिनिअरिंगच्या पुस्तकातलं हीट ट्रान्सफरचं प्रकरण परीक्षेपुरतं पाठ होतं. हाताखालून गेलेलं मात्र विसरत नाही.

म्हणून आज तुला एकच गोष्ट सांगणार आहे, निरनिराळ्या बाजूंनी. आधी उष्णतेची वाट समजून घे, मग तांब्याला हात लाव.

वाट अशी आहे. उष्णता चिपमध्ये तयार होते. तिथून ती चिपवरच्या धातूच्या झाकणात येते, मग थर्मल पेस्टमध्ये, मग ब्लॉकच्या तांब्यात, मग पाण्यात, मग रेडिएटरच्या पात्यांत आणि शेवटी हवेत. प्रत्येक टप्पा ओलांडताना काही अंश खर्ची पडतात. त्या सगळ्या अंशांची बेरीज खोलीच्या तापमानात मिळवली की तुझ्या स्क्रीनवर दिसतो तो प्रोसेसरचा आकडा. पाटाचं पाणी शेवटच्या वावरापर्यंत किती पोचणार हे वाटेतली सगळ्यात अरुंद चारी ठरवते, तसंच इथे आहे. जिथे वाट आधीच मोकळी आहे तिथे कितीही मेहनत घेतलीस तरी हाती फार काही लागत नाही.

कुठली वाट मोकळी आणि कुठली अरुंद, हे थोड्याशा आकड्यांत कळतं. पदार्थ उष्णता किती सहज वाहू देतो हे वॅट प्रति मीटर-केल्विन या एककात मोजतात. तांब्याचा आकडा ४००च्या आसपास आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा २३५च्या आसपास, पितळेचा साधारण ११० ते १२०. चांगल्या थर्मल पेस्टचा ४ ते १०. हवेचा मात्र फक्त ०.०२६. म्हणजे ४ची पेस्ट धरली तर ती तांब्यापेक्षा शंभर पटींनी कमी, आणि तिच्यापेक्षा हवा दीडशे पटींनी कमी.

आता याचा अर्थ बघ. चार सेंटिमीटर चौरस आणि पाच मिलिमीटर जाडीच्या तांब्यातून १०० वॅट पार होताना एक अंशही खर्च होत नाही. तीन सेंटिमीटर चौरस जागेवर पेस्टचा ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर असेल तर साधारण दीड अंश जातो. आणि तेवढ्याच फटीत पेस्टऐवजी नुसती हवा असती, तर दोनशेहून जास्त अंशांचा फरक लागला असता! प्रत्यक्षात इतकं होत नाही, कारण दोन धातू कुठे ना कुठे टेकतातच. पण तळ तीन मिलिमीटरचा ठेवू की पाचचा, या विचारात तू रात्र घालवू नयेस म्हणून हे सांगितलं. तीच रात्र तळ सपाट करण्यात घालव.

ही फट मोठमोठ्यांना छळत आली आहे. आयबीएमचा ३०८१ हा मोठा संगणक १९८० साली जाहीर झाला. त्याच्या चिप पाण्यानं थंड होत. प्रत्येक चिपवर स्प्रिंगनं दाबलेला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा दट्ट्या टेकलेला असे आणि त्याच्यातून उष्णता वरच्या थंड प्लेटकडे जाई. दट्ट्या आणि चिप यांच्यामधल्या बारीक फटींत हवा राहू नये म्हणून त्या इंजिनिअरांनी आतल्या पोकळीत हेलियम भरला, कारण हेलियम हवेपेक्षा जवळजवळ सहापट उष्णता वाहून नेतो. इतका सगळा घाट त्या जरा जराशा फटींसाठी. आपल्याकडे हेलियम नाही, पण काच आहे, वॉटर पेपर आहे आणि तुझे दोन हात आहेत.

आता पाण्याकडे ये. पाणी ब्लॉकमध्ये गार शिरतं आणि गरम होऊन बाहेर पडतं, असं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं. गणित वेगळं सांगतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर ते एक अंशानं तापायला साधारण ७० वॅट लागतात. तुझा प्रोसेसर १०० वॅट देत असेल तर पाणी आत-बाहेर जाताना जेमतेम दीड अंशानं तापेल. म्हणजे उष्णता उचलून नेण्यात पाणी मुळीच कमी पडत नाही.

ते कमी पडतं भिंतीजवळ. तांब्याला लागून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ थांबलेला असतो, आणि पाणी स्वतः उष्णतेचं फार वाईट वाहक आहे, त्याचा आकडा फक्त ०.६. तो थर जितका पातळ, तितकी उष्णता लवकर पार होते. तो पातळ करायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पाणी इतक्या वेगानं न्यायचं की ते घुसळलं जाईल. दुसरा म्हणजे वाटाच इतक्या अरुंद करायच्या की थर जाड व्हायला जागाच उरणार नाही. स्टॅनफर्डमध्ये टकरमन आणि पीज या दोघांनी १९८१ साली दुसरा मार्ग टोकाला नेला. त्यांनी सिलिकॉनमध्ये फक्त ५० मायक्रॉन रुंदीच्या चऱ्या कोरल्या आणि पाण्याच्या जोरावर एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॅट बाहेर काढले. आज विकतच्या ब्लॉकमध्ये दिसणाऱ्या बारीक पात्यांमागे हाच विचार आहे.

तू पहिल्यांदा करते आहेस, तर बारीक पात्यांच्या नादी लागू नकोस. आपण वेगाचा मार्ग घेऊ. भोकं पाडलेला ठोकळा कर. तांब्याचा पन्नास बाय पन्नास मिलिमीटरचा, बारा मिलिमीटर जाडीचा तुकडा घे. त्याच्या एका कडेतून आत सहा मिलिमीटरची तीन समांतर भोकं पाड, आरपार न नेता शेवटी पाच मिलिमीटर जागा सोड. मग शेजारच्या दोन बाजूंनी एकेक आडवं भोक, एक या टोकाला पहिलं आणि मधलं जोडणारं, दुसरं त्या टोकाला मधलं आणि तिसरं जोडणारं. पाण्याची नागमोडी वाट तयार झाली. बाहेर उघडी राहिलेली पाच तोंडं बुजवायची आणि वरून दोन नळ्या बसवायच्या, एक आत येणारी, एक बाहेर जाणारी. दोन हजार सालाच्या आगेमागे, विकतचे ब्लॉक क्वचित मिळत तेव्हा, हौशी लोक असेच ठोकळे करत. त्या काळी एएमडीच्या थंडरबर्ड अ‍ॅथलॉनवर झाकणही नसे, उघडी चिप असायची, कोपऱ्याला जरा धक्का बसला तर टवका उडायचा. आणि थंडावा बंद पडला तर चिप स्वतःला वाचवायची नाही, जळून जायची. तुझा प्रोसेसर तापला तर आधी मंद होतो आणि फारच तापला तर बंद पडतो. तेवढी निश्चिंती तुला आहे.

या ठोकळ्याकडून काय अपेक्षा ठेवायची तेही आधीच कागदावर मांड. मिनिटाला दीड लिटर पाणी सहा मिलिमीटरच्या भोकातून गेलं तर त्याचा वेग सेकंदाला साधारण ०.९ मीटर होतो. त्या वेगाला पाणी चांगलं घुसळलं जातं. तिन्ही भोकांची आतली भिंत धरून मी हिशेब केला तर १०० वॅटला तांबं आणि पाणी यांच्यामध्ये साधारण सात अंश खर्च होतात. तांब्यात एकाहून कमी, पेस्टमध्ये दीड, आणि पाण्याच्या भिंतीशी सात. अरुंद चारी कुठली आहे ते दिसलं ना? हा हिशेब मी केला म्हणून मान्य करू नकोस. पुस्तक उघड आणि स्वतः कर. तुझं उत्तर सहा आलं काय किंवा नऊ आलं काय, बांधण्याआधी कागदावर एक आकडा असला पाहिजे. तो नसेल तर नंतर आलेलं तापमान चांगलं की वाईट, हे कशाच्या आधारानं ठरवशील?

तांबं कुठून आणायचं ते सांगते. भांड्यांच्या दुकानात पत्रा मिळेल, तो उपयोगाचा नाही. विजेची पॅनेल बनवणाऱ्यांकडे जा. पॅनेलमध्ये वीज वाहून नेण्यासाठी तांब्याच्या जाड पट्ट्या लागतात, त्यांना बसबार म्हणतात. वीज चांगली वाहावी म्हणून ते तांबं फार शुद्ध असतं, आणि जे तांबं वीज चांगली वाहतं ते उष्णताही चांगलीच वाहतं. तुमच्या नागपुरात हिंगणा एमआयडीसी आहे, तिथे अशा पॅनेलवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात. ते वजनावर मिळतात. आपला तुकडा तीस घन सेंटिमीटरचा, म्हणजे पावणेतीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. दोन तुकडे घे. भोक पाडताना एखादं वाकडं गेलं तर हातचा दुसरा तुकडा असावा.

वर्कशॉपमध्ये जाशील तेव्हा माझं हे नक्की ऐक. केस घट्ट बांध. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या नकोत. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजेही घालू नकोस, कारण मोजा अडकला तर हात ओढला जातो. चष्मा घाल. ठोकळा हातात धरून भोक पाडायचा विचारही करू नकोस, तो व्हाइसमध्ये आवळलेलाच हवा. तांबं मऊ असतं, पण सोपं नसतं. ते ड्रिलला चिकटतं, चुरा भोकातच अडकतो, आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात ड्रिल उतरतं त्या क्षणी तांबं त्याला एकदम ओढून घेतं. म्हणून ड्रिल नवं आणि धारदार हवं, कटिंग ऑइल हवं, आणि दर काही मिलिमीटरला ड्रिल वर काढून चुरा झटकायचा. तिथले काका म्हणतील, ‘पोरी, तू बस, मी पाडून देतो.’ ते मायेनंच म्हणतील. त्यांना नम्रपणे सांग, ‘काका, तुम्ही शेजारी उभे राहा, मी पाडते.’ पंचेचाळीस मिलिमीटर लांबीचं भोक सरळ कसं ठेवायचं हे त्यांना जितकं कळतं तितकं कुठल्या पुस्तकात नाही. तेवढं शिकून घे, पण ड्रिलचा दांडा स्वतः धर.

मग तोंडं बुजवायची. इथे इपॉक्सी फासून मोकळं व्हावं असा मोह होतो. तो टाळ. ब्लॉक रोज तापणार, निवणार, त्याच्या नळ्या हलणार. नुसत्या फासलेल्या लेपावर मदरबोर्डचा जीव टांगायचा नाही. भोकाचं तोंड ६.८ मिलिमीटर करून एम-८चे आटे पाड, त्यात पितळी स्क्रू बसव आणि वरून डाग दे. वरच्या दोन नळ्याही पितळी घे आणि झाळून टाक. साध्या सोल्डरिंग आयर्ननं हे जमणार नाही, कारण एवढं तांबं त्याची सगळी उष्णता क्षणात पसरवून टाकतं आणि टोकाशी कथील वितळतच नाही. गॅसच्या टॉर्चनं आख्खा ठोकळा सारखा तापवावा लागतो. हे काम मोकळ्या हवेत कर आणि कोणाला तरी सोबत ठेव. ठोकळा निवला की आतून गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धू. फ्लक्स आत राहिला तर तो तांबं खातो, आणि तांब्याचा चुरा राहिला तर तो पंपाच्या पंख्यात जाऊन अडकतो.

यानंतर सायकलच्या पंक्चरवाल्याची युक्ती कर. एक नळी बंद कर, दुसरीला पंपानं हलकी हवा दे, आणि ठोकळा पाण्याच्या बादलीत बुडव. बुडबुडा दिसला तर पुन्हा डाग द्यायचा. इथे ‘अगदी एखादाच बुडबुडा आहे, चालेल’ असं म्हणायचं नाही.

तळ सपाट करायचं काम सगळ्यात शेवटी, झाळून झाल्यावर, कारण तापवताना तांबं किंचित हलू शकतं. जाड काचेचा तुकडा टेबलावर ठेव, त्यावर ओला वॉटर पेपर. ४००पासून सुरुवात कर, मग ६००, ८००, १०००. ठोकळ्याच्या तळावर मार्करनं आडव्या-उभ्या रेघा मार आणि इंग्रजी आठच्या आकारात घास. हात जड टाकू नकोस, ठोकळ्याचं वजन पुरे. मधून मधून ठोकळा फिरवून धर, नाहीतर एकच कड झिजते. रेघा जिथे आधी पुसल्या जातात तो उंचवटा, जिथे उरतात तो खळगा. सगळ्या रेघा एकदम जायला लागल्या की तळ सपाट झाला. मग पोलादी पट्टी तळावर उभी धरून उजेडासमोर बघ. आणि मनू, चकाकी म्हणजे सपाटपणा नव्हे. कापडानं घासून आरसा करता येतो, पण त्यात कडा गोलावतात. हजारच्या पेपरवर थांब. दिसायला जरा मळकट दिसेल, पण काम उत्तम देईल.

पुढे कधी झाकण असलेला ब्लॉक करशील तर दोन गोष्टी आत्ताच लक्षात ठेव. ओ-रिंगची चर दोन मिलिमीटरच्या रिंगला साधारण दीड मिलिमीटर खोल हवी, म्हणजे रिंग पाव भागानं दाबली जाते. पण चर रुंदीला सैल हवी, कारण रबर दाबलं तरी आक्रसत नाही, ते बाजूला सरकतं. आणि झाकण अ‍ॅक्रिलिकचं केलंस तर ते कधी स्पिरिटनं पुसू नकोस. स्क्रूनं ताणलेल्या अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल लागलं की त्यात बारीक तडे जातात.

आता सगळी साखळी जोडायची. एक नियम पक्का ठेव. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आणायचं नाही. दोन्ही धातू एकाच पाण्यानं जोडले गेले की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं आणि त्याचा गाळ बारीक वाटा बुजवतो. स्वस्त रेडिएटर बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे असतात, म्हणून घेताना विचारून तांब्या-पितळेचाच घे. फिटिंग पितळी. पाणी डिस्टिल्ड. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार तांब्यावर बसतात आणि तू काचेवर घासघासून मिळवलेले अंश ते आतून खाऊन टाकतात. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात शेवाळ धरतं, म्हणून कॉम्प्युटरसाठी मिळणारं कूलंट घाल. आणि डिस्टिल्ड पाण्यातून वीज वाहत नाही या भरवशावर राहू नकोस. धातूंमधून फिरता फिरता त्यात क्षार उतरतात आणि मग ते कुठल्याही पाण्याइतकंच घातक होतं.

पंपाचं मुद्दाम सांगते, कारण तुमच्या घरात दोन कूलर आहेत आणि तुझी नजर त्यांच्या पंपाकडे जाणारच. तो पंप २३० व्होल्टवर चालतो आणि पाण्यात बुडवलेला असतो. ते पाणी तुझ्या कॉम्प्युटरमधून फिरणार आणि तू त्याला हात लावणार. नको गं. बारा व्होल्टचा पंप घे. कूलरच्या टाकीतलं पाणीच ब्लॉकमधून फिरवावं अशी कल्पनाही सुचेल. ती अगदी चुकीची नाही. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात हवेपेक्षा कूलरचं पाणी बरंच गार असतं, आणि याच तत्त्वावर परदेशातल्या हौशींनी पाणी हवेतून शिंपडत खाली आणणारे उंच मनोरे बांधले होते. पण त्या उघड्या पाण्यात धूळ पडते, पाणी उडून जातं तसे क्षार दाट होत जातात, आणि पावसाळा लागला की सगळा फायदा संपतो. त्यापेक्षा पाण्याची साखळी बंदच ठेव आणि फक्त रेडिएटर कूलरच्या वाऱ्यात ठेव. कॉम्प्युटर मात्र त्या दमट वाऱ्यापासून आणि तुषारांपासून लांब.

आणि एक सत्य आधीच स्वीकार. रेडिएटर पाण्याला त्याच्यावरून जाणाऱ्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. ती हवा ३८ अंशांवर असेल तर पाणी त्याच्यावरच राहणार. बर्फ घालून पाणी खोलीपेक्षा गार करशील, तर दमट दिवसांत ब्लॉकवर आणि नळ्यांवर दव धरेल आणि ते थेंब मदरबोर्डवर पडतील. त्या वाटेला जाऊ नकोस.

ब्लॉक तयार झाला की तो लगेच प्रोसेसरवर चढवावा असं वाटेल. थांब. आधी टेबलावर त्याची परीक्षा घे. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातला १०० वॅटचा, २.२ ओहमचा रेझिस्टर मिळतो. त्याला १२ व्होल्ट दिले की तो ६५ वॅट उष्णता देतो. तो पेस्ट लावून ब्लॉकच्या तळाला आवळ, पंप सुरू कर, आणि पाणी फिरतंय याची खात्री झाल्यावरच रेझिस्टर चालू कर. सगळ्या सांध्यांभोवती कोरडा टिशू पेपर गुंडाळ. पंप असाच पूर्ण २४ तास चालू दे, तापवणं मात्र तू समोर असतानाच. टिशूवर एक जरी ओला ठिपका दिसला, तरी सांधा सुधारून २४ तास पहिल्यापासून. घाई करून जिंकलेला एक दिवस मदरबोर्ड गेल्यावर भरून येत नाही.

याच टेबलावर तुला मोजायला शिकायचंय. तीन तापमानं लिही. खोलीच्या हवेचं, पाण्याचं आणि रेझिस्टरच्या कवचाचं, म्हणजे पुढे प्रोसेसरचं. लगेच वाचू नकोस, पाण्याला तापायला वेळ लागतो. अर्धा तास थांब, आकडे स्थिर होऊ दे. मग वजाबाकी कर. समज, खोली ३४, पाणी ४१, प्रोसेसर ६६. पाणी आणि खोली यांतले सात अंश रेडिएटरचे. प्रोसेसर आणि पाणी यांतले पंचवीस अंश चिपचे, पेस्टचे आणि ब्लॉकचे. आता कोणी सांगितलं, ‘आणखी एक पंखा लाव,’ तर तुला माहीत आहे की तो पंखा फार तर त्या सातांतून काहीतरी कमी करेल. पंचविसांना तो हातही लावणार नाही.

त्या पंचविसांची फोडही करता येते. पंपाचा वेग कमी-जास्त कर. आकडा चांगलाच हलला, तर अरुंद चारी पाण्याच्या भिंतीशी आहे. ढिम्म हलला नाही, तर ब्लॉक काढ, पेस्ट पुसून नव्यानं पातळ लाव, चारही स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत बसव आणि पुन्हा मोज. आता हलला, तर दोष टेकण्यात होता, मग परत काच आणि वॉटर पेपर. दोन्हींनी हलला नाही, तर उरलेले अंश चिप आणि तिच्या झाकणामधले आहेत. तिथे तुझा हात पोचत नाही, म्हणून त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

प्रोसेसरवर चढवायच्या आधी स्क्रूंच्या भोकांचं अंतर बघून घे. इंटेलच्या ११५० ते १२०० घराण्यातल्या सॉकेटला भोकं ७५ मिलिमीटरच्या चौकोनात असतात, १७०० ला ७८च्या, आणि एएमडीच्या एएम-४ला ९० बाय ५४च्या आयतात. ब्लॉक दाबणारी पट्टी त्या मापानं वेगळी कर, स्क्रूखाली स्प्रिंग घाल, म्हणजे दाब चारी बाजूंनी सारखा राहील. आणि पहिल्यांदा जुन्या मशीनवर चढव. ज्यात तुझा प्रोजेक्ट आहे त्यावर नको.

कोणी म्हणालं की हे पोरकट वेड आहे, तर त्यांना पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मविषयी सांग. सी-डॅकनं उभारलेला हा महासंगणक तिथे २०१९पासून आहे, आणि त्यात थंड द्रव थेट प्रोसेसरवरच्या प्लेटपर्यंत नेऊन उष्णता उचलली जाते. तिथे जी वाट आहे तीच तुझ्या टेबलावर आहे. फरक फक्त आकाराचा आणि कारागिरीचा.

सगळं झालं की मला फोन कर. किती अंश कमी झाले हे शेवटी सांग. आधी सांग, तुझ्या ब्लॉकमध्ये सगळ्यात जास्त अंश कुठे खर्च होतात आणि ते तू कशावरून ठरवलंस. एवढं तुला नेमकं सांगता आलं, की दुसरा ब्लॉक कसा करायचा हे मला विचारावं लागणार नाही. त्याचं चित्र तुझं तूच काढशील.